सतरा हिरवी नावं

पडवळ सर हजेरी घ्यायला लागले की शेजारच्या वर्गात मी खडू खाली ठेवायचे. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, पत्र्याचं पार्टिशन होतं, आणि सरांचा आवाज त्यातून जसाच्या तसा यायचा. आवाजाचं काही नाही, मुलं आवाजाला सरावतात. पण सर थांबायचे. त्यांच्या थांबण्यात माझ्या वर्गातली मुलंसुद्धा श्वास धरून बसायची.

बाकीचे आम्ही नंबरावर हजेरी घ्यायचो. एक हजर, दोन हजर, पाच मिनिटांत साठ मुलं उरकली. सर नंबर घेत नसत. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण म्हणायचे आणि चष्म्यावरून त्या मुलाच्या जागेकडे बघायचे. 'हजर' आलं की मान हलवून पुढे. नाही आलं की थांबायचे. चांगले तीन-चार श्वास. मग कुणीतरी पोर म्हणायचं, "गेली, सर."

"कुठं गेली?"

"गावाला. सामान घेऊन गेले सगळे."

"परत येनार म्हनली का?"

"माहीत नाही, सर."

"मंग असू द्या," म्हणून ते निळ्या शाईनं 'गै' लिहायचे. गैरहजर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच थांबणं. महिना झाला, सहा महिने झाले, वर्ष उलटलं तरी. नवं वर्ष लागलं की ती नावं ते स्वतः नव्या हजेरीपटावर उतरवून घ्यायचे.

सरांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. ज्या खुर्चीवर मी बसते तिच्यावर त्यांनी बसायचं होतं. मी तिथे कशी पोहोचले ते मी घरातसुद्धा कुणाला धड सांगितलेलं नाही. इथे सांगणार आहे. पण आधी सर सांगू द्या. मी मध्ये आले की ते बाजूला होतात. नेहमी व्हायचेच.

आमची शाळा चाकणच्या औद्योगिक वसाहतीला लागून. गावाचं नाव सांगत नाही, तिकडची सगळी गावं आता एकसारखीच दिसतात. पूर्वी जिथे कांद्याच्या वखारी होत्या तिथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा झाल्या. एका दाराला एक खोली, एका खोलीत एक कुटुंब. शाळेत मुलं दोन प्रकारची, गावातली आणि खोल्यांतली. खोल्यांतली मुलं बिहारची, ओडिशाची, उत्तर प्रदेशाची, आमच्या मराठवाड्याचीही. बापाचा ठेका संपला की एका रविवारात खोली रिकामी व्हायची. सोमवारी बाकावर जागा मोकळी. दाखला न्यायला कुणी येत नसे. पोराला शाळा आहे, हे त्या घाईत आठवायचं कुणाला?

सर त्याच गावचे. उंच, हडकुळे, मानेत जरा वाकलेले. आडनावावरून पोरं हसायची तर म्हणायचे, "नावाला जागलोय रे, कारल्यावानी तर न्हाई ना?" भावांनी जमिनी विकून खोल्या बांधल्या, मोठाल्या गाड्या घेतल्या. सर जुन्या स्कूटरवर. घरात ते एकटेच नोकरदार, म्हणून भाऊ त्यांची फिरकी घ्यायचे. एकदा शाळेच्या फाटकाशी थोरल्या भावाने गाडीची काच खाली करून माझ्यादेखत विचारलं, "मास्तर, मुख्याध्यापक कवा व्हताय? लग्नपत्रिका छापायच्यात. नुसतं 'शिक्षक' टाकलं तर पावणं विचारत्यात, अजून शिक्षकच का म्हनून!"

"माझं नाव खाली टाक," सर म्हणाले. "आन छापायच्या आदी मला दाखव. गेल्या टायमाला नवरदेवाच्या नावात दोन चुका व्हत्या."

शिकताना-शिकवताना पुस्तकी मराठी बोलायचे, एरवी गावाची. दोन्हींत खोटेपणा नव्हता.

तर ही नावं. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "सर, नियम आहे ना? मूल सतत गैरहजर राहिलं, चौकशी झाली, की नाव कमी करायचं."

"चौकशी केली का कुनी?" ते म्हणाले. "चला, दावतो."

मधल्या सुट्टीत ते मला खोल्यांकडे घेऊन गेले. त्यांचा तो रोजचा फेरा होता, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. प्रत्येक रांगेतल्या बायका त्यांना ओळखत होत्या. "मास्टरजी, वो लोग सूरत गए," एक म्हणाली. सरांनी खिशातल्या वहीत लिहिलं, 'सुरत'. पुढच्या खोलीचं कुणालाच माहीत नव्हतं. तिथे त्यांनी नाव लिहून पुढची जागा कोरी सोडली.

येताना म्हणाले, "परत आलं तर पुन्हा दाखल करता येतं, कायदा हाय. पन मंग ती नवीन मुलगी व्हती बाई. परत आल्याली मुलगी न्हाई व्हत."

मला तेव्हा ते हट्टी वाटले. मग चांदनी आली.

चांदनी रामबाबू महतो, चौथीतली. सात महिन्यांपूर्वी गेली होती. एका सकाळी पार्टिशनच्या पलीकडे तिचं नाव नेहमीसारखं आलं, मी नेहमीसारखी थांबले, आणि बारीक आवाज आला, "हाजिर." सरांनी काही विचारलं नाही. कुठे होतीस नाही, दप्तर कुठाय नाही. पुढचं नाव घेतलं. मधल्या सुट्टीत ती पोरगी त्यांच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "सर, मेरा नाम काटा नहीं?" सर म्हणाले, "का काटायचं? तू सांगून गेली व्हतीस का, येनार न्हाई म्हनून?" तिने जोरात मान हलवली. "मंग?" म्हणाले, आणि डब्यातली अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली.

वर्षभर ती नीट शाळेत आली. मग तिच्या बापाचा पुन्हा ठेका संपला आणि ती पुन्हा गेली. सरांचं थांबणं पुन्हा सुरू झालं.

आमचे मुख्याध्यापक दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. संस्थेने ठराव केला की पुढच्या मुख्याध्यापकाकडे शालेय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी हवी. सेवेने सर सर्वांत ज्येष्ठ, त्यांच्यानंतर मी. दोघांनी पदवी घेतली तर खुर्ची सरांची, त्यांनी नाही घेतली तर माझी. हिशेब इतका सरळ होता. सरांना चौपन्नावं नुकतंच लागलं होतं. मुख्याध्यापक झाले असते तरी तीनच वर्षं मिळाली असती.

"तीन वर्षांत काय करणार सर?" मी विचारलं.

"येकच. खोलीवर जाऊन आल्याबिगर कुनाचंबी नाव खोडायचं न्हाई, असा लेखी आदेश काढनार. आज मी सांगतो तर लोकं हसत्यात. मुख्याध्यापकाच्या सहीला हसत न्हाईत."

दोघांनी नाव घातलं. दर रविवारी चिंचवडच्या एका कॉलेजात वर्ग. मी चिंचवडलाच राहायचे, ते चाकणहून बस बदलत, भोसरीच्या गर्दीतून यायचे आणि माझ्याआधी पोहोचलेले असायचे. पहिल्या बाकावर. आजूबाजूला आम्ही चाळीसेक शिक्षक, सगळ्यांना मुख्याध्यापक व्हायचं होतं. आठवड्याचे सहा दिवस मुलांना शिस्त लावणारे आम्ही रविवारी काय करायचो सांगू? हजेरीचा कागद फिरायचा तेव्हा एकेकजण तीन-तीन सह्या करायचा. पाळ्या ठरलेल्या होत्या. आज तू ये, पुढच्या रविवारी मी.

एका रविवारी माझ्या घरी पाहुणे होते. मी सरांना फोन केला, "सर, माझी तेवढी सही करा ना."

"न्हाई व्हायची बाई."

"सगळे करतात, सर."

"तुमी न्हाई तर न्हाई. तिथं मी 'हाय' कसं लिव्हू?"

मी फोन आपटला. सोमवारी शाळेत त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी माझ्या टेबलावर एक वही ठेवली. रविवारच्या चारही तासांचं टिपण, एकेक शब्द, समंत्रकांनी सांगितलेल्या विनोदांसकट. खाली लिहिलेलं, 'इथे साहेब हसले.' सही केली नाही, पण दोन तास जागून माझ्यासाठी सगळं पुन्हा सुवाच्य उतरवलं होतं. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं, परीक्षेला उपयोगी पडेल.

समंत्रक म्हणजे आम्हाला शिकवायला यायचे ते गृहस्थ निवृत्त शिक्षणाधिकारी होते. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. एका रविवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं : 'अधिकार सोपवता येतो, जबाबदारी सोपवता येत नाही.' म्हणाले, परीक्षेत हमखास येतं, अधोरेखित करा.

पडवळ सर उभे राहिले. "साहेब, एक शंका आहे. समजा मी एखादं काम विश्वासाने दुसऱ्याला दिलं. त्याने ते बिघडवलं. तर चूक कुणाची?"

"देणाऱ्याची."

"आणि बिघडवणाऱ्याची?"

साहेब हसले. "ती तुमच्या आणि त्याच्यामधली गोष्ट, पडवळ. वरच्यांपुढे उभं राहायचं ते देणाऱ्यानंच. हेच तर मुख्याध्यापकपण. बोट दाखवायचं असेल तर आहे तिथे बरे आहात."

वर्ग हसला. सर खाली बसले आणि त्यांनी ते वाक्य वहीत सावकाश लिहिलं. मी शेजारीच होते, मीही लिहिलं. माझं अक्षर जास्त चांगलं होतं.

त्याच सुमाराला वरून आदेश आला, हजेरी आता फोनवरूनही भरायची. प्रत्येक वर्गशिक्षकाचं वेगळं लॉगिन. सकाळी ते उघडलं की वर्गातली सगळी नावं हिरवी दिसायची, म्हणजे सगळे हजर. जो नाही त्याच्या नावावर बोट ठेवून ते लाल करायचं, मग 'पाठवा' दाबायचं. सरांच्या जाड बोटांना ते जमेना. एकाच्या जागी दुसराच लाल व्हायचा आणि ते कासावीस व्हायचे. "बाई, ह्ये पोरगं हितं बसलंय आन मी त्याला गैरहजर केलं हो!" शेवटी माझ्याकडे आले. "तुमी भरता का? मी वाचून दावतो. तवर तुमचा वर्ग सांभाळतो."

मी हो म्हटलं. पासवर्डही मीच ठरवून दिला.

सुरुवातीला ते हजेरीपट घेऊन माझ्या दाराशी उभे राहायचे, गैरहजर मुलांची नावं वाचायचे, मी लाल करायचे. सतरा नावं तर रोजचीच होती, गेलेल्या मुलांची. नेटवर्क जेमतेम. एक नाव लाल व्हायला मिनिट लागायचं. माझा वर्ग, माझ्या वर्गाची हजेरी, त्यात पोषण आहाराची नोंद. काही दिवसांनी मी म्हटलं, "सर, तुम्ही हजेरीपट टेबलावर ठेवून जा, मी भरते." त्यांनी विश्वासाने ठेवला. आणखी काही दिवसांनी मी तो उघडायचं बंद केलं. त्यांचं लॉगिन उघडायचं, सगळे हिरवे, 'पाठवा'. तीन सेकंदांचं काम.

थोड्या वेळाने ते दारात यायचे. "झालं का बाई?"

"झालं, सर."

हे एक दिवस नाही, दोन दिवस नाही. वर्षाहून जास्त. रोज सकाळी पार्टिशनच्या पलीकडे ते चांदनी रामबाबू महतो म्हणून थांबायचे, निळ्या शाईत 'गै' लिहायचे, आणि अलीकडे मी तिला सरकारदरबारी हजर करायचे.

आमचं दुसरं वर्ष संपत आलं होतं तेव्हा तपासणीचं पथक आलं. आधी कळवलं नव्हतं. वर्गावर्गांत जाऊन त्यांनी डोकी मोजली. सरांच्या वर्गात त्या दिवशी बाकीची सगळी मुलं आली होती; मोजलेली मुलं आणि फोनवरची मुलं यांत सतराचा फरक निघाला.

मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन अधिकारी, संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक आणि सर. मला बोलावणं आलं. मला वाटलं, आता विचारणार, पण काम वेगळंच होतं. सचिव म्हणाले, "बाई, तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं. पडवळांचं जरा उघडून द्या, त्यांना जमत नाहीये."

मी खुर्चीत बसले, सरांचं लॉगिन उघडलं आणि पासवर्ड टाकला. त्यांना न विचारता टाकला. बोटांना सवय होती. हे त्या खोलीत फक्त एका माणसाच्या लक्षात आलं. सर माझ्या बोटांकडे बघत होते.

पडद्यावर महिन्यामागून महिने हिरवे.

अधिकाऱ्याने सरांचा हजेरीपट शेजारी ठेवला. त्यात सतरा नावांपुढे रोज 'गै'. मला वाटलं, चला, सर सुटले. खरं कागदावर आहे. पण तो माणूस हुशार होता. म्हणाला, "म्हणजे मुलं नाहीत हे यांना रोज माहीत होतं. खाली कागदावर खरं, वर पाठवताना खोटं. चुकून झालेलं नाही हे. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, म्हणून पट फुगवून ठेवलाय. कुणी सांगितलं होतं, पडवळ?"

"कुनी न्हाई, साहेब."

"मग हे भरलं कुणी?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघितलं. बराच वेळ, हजेरीत थांबायचे तेवढा वेळ. माझं तोंड माझ्याजवळ होतं. तीन-चार श्वास होते.

"लॉगिन माझं हाय," ते म्हणाले.

"ते दिसतंय. भरलं कुणी?"

"जबाबदारी माझी हाय."

मी उठून खुर्ची सरळ केली आणि वर्गात गेले. कारणं होती माझ्याकडे. तेव्हाही होती, आजही पाठ आहेत. इथे लिहीत नाही, कारण लिहिली की ती खरी वाटायला लागतात.

सरांच्या सेवापुस्तकात ताशेरा आला. संस्थेने मुख्याध्यापकपदाच्या विचारातून त्यांना वगळलं. त्यांनी शेवटची परीक्षा दिलीच नाही. कृतिसंशोधनाचा त्यांचा प्रबंध अर्धा राहिला. विषय होता, सोडून गेलेल्या मुलांचा शोध. मी परीक्षा दिली. प्रशासनाच्या पेपरात तो प्रश्न आला. अधिकार आणि जबाबदारी, सोदाहरण स्पष्ट करा. मी कारखान्याचं उदाहरण दिलं आणि त्या पेपरात आमच्या केंद्रात पहिली आले.

मुख्याध्यापिका म्हणून माझ्यापुढे आलेला पहिला कागद म्हणजे ती सतरा नावं पटावरून कमी करण्याचा. लाल शाईचं पेन मागवलं. सतरा रेघा मी स्वतः ओढल्या. चांदनीचं नाव अकरावं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात होते. सरांचा वर्ग आता ऑफिसच्या शेजारी आला होता. हजेरी सुरू झाली. नावं एकापाठोपाठ एक येत होती, 'हजर', 'हजर'. आणि मग सर थांबले. नाव घेतलं नाही, खोडलं होतं ना. नुसते थांबले. तीन-चार श्वास. मग पुढचं नाव. असे सतरा वेळा.

तीन वर्षं मी ते ऐकलं. इतर शिक्षकांनी तक्रार केली, वेळ जातो म्हणून. मी कधी त्यांना बोलावून थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार?

माझ्याशी ते कधी वाईट वागले नाहीत. कागद वेळेवर, तास वेळेवर. एकच झालं. 'बाई' म्हणायचं त्यांनी सोडलं. 'मॅडम' म्हणायला लागले. मुख्याध्यापिकेला मॅडम म्हणायची रीतच आहे, सगळेच म्हणत होते. तरी त्यांच्या तोंडून ते ऐकलं की मला माझ्याच ऑफिसात उभं राहावंसं वाटायचं.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मीच दिलं. भाषणात त्यांची 'निष्ठा' आणि 'सचोटी' असे शब्द मी वापरले. सरांनी माझ्याकडे बघून हात जोडले. समोर त्यांच्या घरची मंडळी बसली होती. थोरला भाऊ खिन्न दिसत होता. त्याची ती पत्रिका 'शिक्षक' अशीच छापली गेली होती.

त्यांची आणि माझी शेवटची भेट टाळेबंदीतली.

तुम्हाला आठवत असेल, त्या उन्हाळ्यात कारखाने बंद पडले आणि खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. आधी लोक चालत निघाले, मग बसगाड्या लागल्या. जाणाऱ्यांच्या याद्या करायचं काम शिक्षकांना दिलं होतं. चाकणच्या एका मैदानावर मांडव, मांडवात टेबल, टेबलाशी मी, तोंडाला मास्क, हातात फोन. समोर रांग. आमच्याच गावच्या खोल्यांतली माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर बोचकी. नावं ऐकू येत नव्हती, मला त्यांची हिंदी धड समजत नव्हती, लोक वैतागले होते.

"मॅडम, मी वाचू का?"

तोंडाला उपरणं बांधलेलं होतं, पण वाकलेल्या मानेवरून ओळखलं. हातात वही. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. रांगेच्या कडेने येत त्यांनी प्रत्येक कुटुंबाचं नाव, पोरांची नावं, गाव, जिल्हा असं आधीच लिहून घेतलं होतं. "ह्यांची नावं लिव्हताना लोकं चुकत्यात. मंग पुढं पोराला दाखला मिळत न्हाई."

मग ते वाचत गेले आणि मी फोनवर भरत गेले. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. सकाळपासून दुपारपर्यंत. मी एकही अक्षर गाळलं नाही. एकदा त्यांनी 'महतो' वाचलं आणि दोघंही थांबलो. दुसरेच कुणी महतो होते.

एक बस भरली. त्यांनी वही मिटली. "झालं का?"

किती वर्षांनी तो प्रश्न आला होता. मी फोन टेबलावर ठेवला. "आत्ता झालं, सर. तेव्हा झालं नव्हतं. तेव्हा मी रोज खोटं सांगत होते."

"म्हाइत हाय," ते म्हणाले.

"त्या दिवशी कळलं ना? मी पासवर्ड टाकला तेव्हा?"

"न्हाई. त्याच्या आदी." त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "येकदा म्या हजेरीपट न्यायला आल्तो. तुमी पाठमोऱ्या व्हता, फोन टेबलावर. बघितलं, तर समदी हिरवी. चांदनी बी हिरवी. म्हनलं, बाईस्नी सांगावं. मंग वाटलं, ऱ्हाऊ द्यावं. कुठंतरी तर हजर हायेत पोरं. बरं वाटलं बघून. तवा चूक तुमची येकटीची न्हाई. म्या बघून गप बसलो. आता ह्यो इषय ठेवा."

मी काही बोलायच्या आत ते उठले.

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी जाताना पहिल्यांदा लक्षात आलं की ते 'बाई' म्हणाले होते. आणि दुसरी गोष्ट लक्षात आली तिने मला आजपर्यंत सोडलेलं नाही. ज्या माणसाला बाकावर बसलेलं पोरगं फोनवर लाल झालं तर सहन होत नव्हतं, तो माणूस सतरा खोट्या नोंदी बघून गप्प बसेल? रोज दारात येऊन 'झालं का बाई' विचारेल? मला पटत नाही. कधीकधी पटतं, आणि मग आणखी त्रास होतो. जन्मात त्यांनी कुणाची खोटी सही केली नव्हती. त्या दिवशी त्या मांडवात माझ्यासाठी एक केली की काय, मला माहीत नाही. विचारायची सोय राहिली नाही. पुढच्या वर्षी ते गेले. टाळेबंदीच्या नियमांत, वीस माणसांत. मी त्या विसात नव्हते.

आता मी रविवारी चिंचवडच्या त्याच वर्गात समंत्रक म्हणून शिकवते. साहेबांच्या जागी. मुख्याध्यापक व्हायला आलेले शिक्षक समोर असतात, हजेरीचा कागद फिरतो, एकेकजण तीन-तीन सह्या करतो. मला दिसतं. ते वाक्य फळ्यावर लिहायची वेळ दरवर्षी येते. कुणीतरी म्हणतं, मॅडम, एखादं उदाहरण? मी कारखान्याचं देते.

पण मला सांगायचं होतं ते मैदानातलं. सर टेबलापासून उठले आणि बसकडे गेले. इंजिन सुरू झालं होतं. वही उघडून ते खिडक्यांखालून एकेक पाऊल पुढे सरकत होते आणि पोरांची नावं घेत होते, पूर्ण, बापाच्या नावासकट. नाव घ्यायचे आणि वर बघत थांबायचे. कुठल्यातरी खिडकीतून एक लहान हात बाहेर यायचा. मग मान हलवून पुढचं. शेवटचं नाव घेतलं तेव्हा बस हलली. ते तिच्याबरोबर चार पावलं चालले, मग उभे राहिले. धूळ उडाली. हात आला की नाही ते मला माझ्या टेबलावरून दिसलं नाही. सर मात्र धूळ बसेपर्यंत तिथेच होते, मान वर करून, थांबलेले.